एक खूण जास्त

अमेरिकेच्या जनगणना खात्याने २१ सप्टेंबर २०२३ रोजी २०२० च्या जनगणनेतले वंशांचे बारीक तपशील जाहीर केले. त्यातली एक ओळ भारतीयांनी लगेच उचलली. आशियाई गटांत भारतीय आता पहिले. संख्या ४४ लाख. दहा वर्षांत पन्नास टक्क्यांहून जास्त वाढ. चिनी, तैवानी वेगळे धरून, ४१ लाखांवर. म्हणजे मागे.

त्याच दिवशी, त्याच खात्याने, त्याच अर्जांवरून आणखी एक ओळ दिली होती. तिच्यात चिनी पहिले, ५२ लाख. भारतीय दुसरे, ४८ लाख. ही ओळ फारशी कुणी वाचून दाखवली नाही.

दोन्ही ओळी खऱ्या आहेत. अर्जावर ‘एक किंवा अधिक’ चौकटींत खूण करायची मुभा असते. पहिल्या ओळीत एकाच चौकटीत खूण केलेले लोक आहेत. दुसऱ्या ओळीत त्या चौकटीत खूण केलेले सगळे आहेत, मग शेजारच्या चौकटीतही खूण असो. म्हणजे आपला पहिला नंबर एका अटीवर मिळालेला आहे. ज्यांनी एक खूण जास्त केली, त्यांना मोजायचे नाही.

असे किती? भारतीयांत पावणेचार लाखांच्या जवळपास. चिन्यांत सुमारे पावणेअकरा लाख. चाळणी दोघांना एकच लावली. त्यांचे लोक जास्त गळले, म्हणून आपण वर आलो.

गळले ते कोण, हे नीट पाहावे. आई मराठी आणि वडील तमिळ असतील, तर मुलाच्या नावापुढे एकच खूण होते. ते मूल पहिल्या ओळीत राहते. आई मराठी आणि वडील आयरिश वंशाचे असतील आणि अर्जावर दोन्ही नोंदी केल्या असतील, तर ते मूल त्या ओळीतून जाते. आई भारतीय, वडील चिनी आणि खुणा दोन, तर ते मूल भारतीयांच्याही पहिल्या ओळीत नाही आणि चिन्यांच्याही नाही. दोन समाजांच्या नंबराची चढाओढ चालू असते आणि दोन्ही समाजांचे असलेले मूल दोन्हीकडे वजा होते.

इथे रक्त कुणी तपासत नाही. तपासतात ती खूण. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी २०१० च्या अर्जावर एकच खूण केली, कृष्णवर्णीय म्हणून. आई गोरी होती. दुसरी खूण करायला कुणी अडवले नव्हते. तो त्यांचा अधिकार होता आणि त्यांनी तो वापरला. जनगणनेच्या लेखी ते एकाच चौकटीचे झाले. लहान मुलांना एवढाही अधिकार नसतो. घराचा अर्ज एक मोठे माणूस भरते. त्याच्या हाताला त्या दिवशी जे पटले, ते मुलाच्या नावावर लागते.

या चाळणीचा आणखी एक गुण आहे. ती जुन्या समाजांना जास्त गाळते. जपानी वंशाचे लोक अमेरिकेत चार-पाच पिढ्यांपासून आहेत. त्यांच्यातले साधारण निम्मे लोक एकाहून जास्त खुणांचे आहेत. एकाच खुणेचा हिशेब धरला की जपानी समाज एका फटक्यात अर्धा होतो. चिनी दर शंभरांत एकवीसच्या आसपास गमावतात. भारतीय आठ. आपली गळती कमी आहे, कारण आपल्यातले पुष्कळ लोक गेल्या तीस वर्षांत विमानातून उतरले. या ओळीतला पहिला क्रमांक बराचसा नवखेपणाचा आहे. तो समाजाच्या मोठेपणाचा दाखला म्हणून सांगितला जातो. आपली नातवंडे अर्ज भरायला लागली, की हीच ओळ आपल्याला खाली खेचणार आहे. तेव्हा समाज लहान झाला, असे म्हणायचे का?

मोजणाऱ्यांना हे सगळे ठाऊक असते. बहुउत्तरी प्रश्न कसा मोजायचा, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवतात. माणसागणिक एक आडवी ओळ, चौकटीगणिक एक रकाना, खूण असेल तर एक, नसेल तर शून्य. पुढचे काम संगणकाचे. एसपीएसएस हे १९६८ साली स्टॅनफर्डमध्ये तयार झालेले सॉफ्टवेअर आजही समाजशास्त्राच्या अनेक विभागांत वापरतात. त्यात अशा प्रश्नांसाठी खास सोय आहे. ते टक्केवारीचे दोन रकाने शेजारी-शेजारी छापते. एक, एकूण खुणांपैकी किती टक्के. दोन, एकूण माणसांपैकी किती टक्के. पहिल्याची बेरीज शंभर येते. दुसऱ्याची शंभराच्या वर जाते.

शंभराच्या वर गेलेल्या बेरजेची लोकांना भीती वाटते. अहवाल लिहिणाऱ्याला वाटते आपले काही चुकले. वाचणाऱ्याला वाटते आपल्याला फसवले. मग कुणीतरी ती बेरीज ‘दुरुस्त’ करते. खरे राजकारण या दुरुस्तीत असते.

२०२० ची जनगणनाच घ्या. देशात माणसे ३३ कोटी १४ लाख. वंशाचे प्रमुख गट सहा. प्रत्येक गटात ज्यांची ज्यांची नोंद लागली, ती सगळी बेरीज केली तर ३६ कोटी ७५ लाख भरते. माणसांपेक्षा नोंदी ३ कोटी ६१ लाखांनी जास्त. आता विचारा, गोरे किती टक्के? फक्त ‘गोरे’ एवढीच नोंद असलेले २० कोटी ४३ लाख. म्हणजे सुमारे ६१.६ टक्के. ‘गोरे’ ही नोंद असलेले सगळे २३ कोटी ५४ लाख. म्हणजे ७१ टक्के. तोच आकडा एकूण नोंदींनी भागला तर ६४ टक्के. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. अर्ज तेच आहेत. पहिल्यात वरचा आकडा बदलला, तिसऱ्यात खालचा.

बातमीत यांतले एकच उत्तर येते. १२ ऑगस्ट २०२१ रोजी हे आकडे बाहेर आले आणि गोरे पहिल्यांदाच घटले, असे मथळे झळकले. एकाच नोंदीचे गोरे दहा वर्षांत ८.६ टक्क्यांनी घटले होते, हे खरेच. एकाहून जास्त नोंदींचे धरून गोरे १.९ टक्क्यांनी वाढले होते, हेही खरेच. पहिल्या आकड्यावर काहींनी भीती विकली. काहींनी आशा विकली. दुसरा आकडा दोघांच्याही कामाचा नव्हता.

आणि ही घट झाली कशी? दोन किंवा अधिक वंशांचे लोक २०१० साली ९० लाख होते. २०२० साली ते ३ कोटी ३८ लाख झाले. दहा वर्षांत पावणेचारपट. इतकी लग्ने झाली नाहीत, इतकी मुलेही झाली नाहीत. या वेळी अर्जावर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय चौकटींखालीही मूळ लिहायला जागा दिली होती. पूर्वी लिहिलेल्या उत्तरातली तीस अक्षरे वाचत आणि त्यातले दोनच गट नोंदवत. २०२० साली दोनशे अक्षरे वाचली आणि सहा गटांपर्यंत नोंद घेतली. माणसांनी जास्त लिहिले आणि संगणकाने जास्त वाचले. जनगणना खात्याने हे स्वतःच सांगितले आहे. वाढीचा मोठा भाग अर्जाच्या मांडणीतून आणि नोंदीच्या पद्धतीतून आला. प्रिन्स्टनच्या पॉल स्टार आणि क्रिस्टीना पाओ यांनी २०२४ साली या वाढीला सरळ काल्पनिक म्हटले. मथळा मात्र देश बदलल्याचा होता.

आता एकच मूल घ्या आणि त्याला सरकारी कचेऱ्यांतून फिरवा. आई भारतीय, वडील गोरे. दोन्ही चौकटींत खूण. जनगणनेच्या पहिल्या ओळीत ते भारतीय नाही. दुसऱ्या ओळीत आहे. नागरी हक्कांच्या देखरेखीसाठी मार्च २००० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयाने नियम केला, की गोरे आणि एक अल्पसंख्य वंश अशा दोन खुणा असतील तर माणूस त्या अल्पसंख्य वंशात धरावा. तिथे ते आशियाई. कॉलेजात गेले की शिक्षण खात्याचा २००७ चा नियम लागतो. कॉलेजने विचारताना सगळ्या खुणा घ्यायच्या. वर कळवताना मात्र ‘दोन किंवा अधिक वंश’ अशा एकाच गठ्ठ्यात टाकायचे. तिथे ते आशियाई नाही, गोरेही नाही. शिवाय हिस्पॅनिक अशीही एक खूण असेल, तर त्या अहवालात बाकीच्या सगळ्या खुणांना काही किंमत उरत नाही.

यातली खेदाची गोष्ट अशी. १९९७ साली वंशाचे नियम बदलताना ‘बहुवंशीय’ अशी वेगळी चौकट ठेवा, ही मागणी झाली होती. ती नाकारली गेली. कारण योग्य होते. एका चौकटीत सगळे कोंबले की कोण कशाचे हे कळत नाही. त्यापेक्षा हव्या तितक्या खुणा करू द्या, असे ठरले. दहा वर्षांनी शिक्षण खात्याने तीच नाकारलेली चौकट मागच्या दाराने आत आणली. अर्जावर ती नाही. अहवालात आहे. विद्यार्थ्याने खुणा करून जे सांगितले, ते अहवालापर्यंत पोहोचत नाही.

दुसऱ्या टोकाला एकही खूण न करणारे असतात. एसपीएसएसची इथली सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे. बहुउत्तरी संचात ज्याने कुठेच खूण केली नाही, त्याला ते हिशेबाबाहेर ठेवते. माणसांच्या टक्केवारीतही ते माणूस धरले जात नाही. म्हणजे ‘पुढीलपैकी कोणत्या सेवा तुम्ही वापरल्या’ असे हजार जणांना विचारले आणि सहाशे जणांनी काहीच वापरले नसेल, तर टक्केवारी उरलेल्या चारशेंची निघते. दोनशे खुणा पडलेली सेवा पन्नास टक्क्यांवर जाते. खरे उत्तर वीस टक्के. सॉफ्टवेअर चोरी करत नाही. किती जण वगळले ते ते छापते. पण तो तक्ता बहुतेक अहवालांत येत नाही. येतात ते पन्नास टक्के.

हे सरकारातच घडते असे नाही. मंडळे आणि संस्था हल्ली सदस्यांची पाहणी गूगल फॉर्मवर करतात. ‘घरी कोणत्या भाषा बोलता? लागू असतील त्या सर्व निवडा.’ उत्तरे तक्त्यात उतरतात तेव्हा एका घराच्या सगळ्या भाषा एकाच खणात स्वल्पविरामाने जोडून येतात. ‘मराठी, इंग्रजी’ असे एक घर. ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ असे दुसरे. ते खण सुटे न करता मोजले की प्रत्येक मिश्रण वेगळी भाषा ठरते. नुसते ‘मराठी’ असलेले खण थोडेच निघतात. मग नव्या पिढीत मराठी संपत चालली, असा निष्कर्ष निघायला वेळ लागत नाही. मराठी प्रत्येक ओळीत असते. तिच्या शेजारी आणखी एक भाषा असते, एवढाच तिचा दोष.

हा दोष आपण माणसांवरही लावतो. कमला हॅरिस उपाध्यक्ष झाल्या तेव्हा त्या आपल्या होत्या. आई चेन्नईच्या, वडील जमैकाचे. तमिळनाडूत त्यांच्या आजोबांच्या तुळसेंद्रपुरम गावात फलक लागले. अमेरिकेतल्या आपल्या समाजाने पहिली भारतीय वंशाची उपाध्यक्ष म्हणून आनंद केला. ३१ जुलै २०२४ रोजी शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांसमोर डोनाल्ड ट्रंप म्हणाले, की त्या भारतीय आहेत की कृष्णवर्णीय, हे आपल्याला कळत नाही. आपल्याला राग आला. राग योग्य होता. माणूस दोन्ही असू शकते आणि एकाच उत्तराची सक्ती करणे हा उद्धटपणा आहे.

पण ज्या ४४ लाखांच्या जोरावर आपण पहिले म्हणवतो, त्या आकड्याचा प्रश्न तोच आहे. हे की ते? दोन्ही म्हणालात तर बाहेर. अशा आईवडिलांच्या मुलाने दोन्ही खुणा केल्या, तर त्या ४४ लाखांत त्याला जागा नाही. अभिमानाने सांगायचे असेल तेव्हा दोन खुणांचे माणूस आपले आणि नंबर काढायचा असेल तेव्हा परके. हे फार दिवस चालणार नाही. मार्च २०२४ मध्ये वंशाचे नियम पुन्हा बदलले आहेत. हिस्पॅनिक हा वेगळा प्रश्न काढून वंशाच्याच प्रश्नात घातला. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका ही नवी चौकट आली. हव्या तितक्या खुणांची मुभा कायम आहे. एकाच प्रश्नात जितक्या चौकटी जास्त, तितक्या एकाहून जास्त खुणा येणार.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या प्रश्नाला अनेक उत्तरे चालतात, त्याची टक्केवारी छापणाऱ्याने तीन गोष्टी तिथेच, तक्त्याखाली छापाव्यात. किती माणसांनी भागले की किती खुणांनी. एकाहून जास्त खुणांच्या माणसाचे काय केले. एकही खूण नसलेल्यांना धरले की वगळले. आणि एकदा जो हिशेब निवडला तोच पुढे ठेवावा. या वर्षी ही ओळ आणि पुढच्या वर्षी सोयीची दुसरी, असे करू नये. तीन वाक्यांना फार जागा लागत नाही. ती वाक्ये छापली की आकडा पडतो, अशी ज्याला धास्ती असेल, त्याचा आकडा पडलेलाच बरा.